व्यायाम सांगणाऱ्याची जबाबदारी

व्यायामविज्ञानात पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला नेमके काय करता आले पाहिजे, या साध्या प्रश्नाचे उत्तर ती पदवी देणाऱ्या विभागांतही एकसारखे मिळत नाही. एक प्राध्यापक सांगतो की ही संशोधनाची पहिली पायरी आहे आणि पुढे पीएच.डी. करायची; दुसरा सांगतो की विद्यार्थ्याने एखाद्या संघाबरोबर राहून खेळाडूंची कामगिरी उंचावायची; तिसरा काहीच सांगत नाही, कारण आपल्या वर्गातले बरेच जण फिजिओथेरपीला किंवा वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळेपर्यंतची वर्षे इथे काढत आहेत, हे त्याला ठाऊक असते. माझे म्हणणे असे आहे की या शिक्षणाची कसोटी यांपैकी कशातच नाही. समोर बसलेल्या एका विशिष्ट माणसाने किती, कोणता आणि केव्हा व्यायाम करावा हा निर्णय घेता येणे, तो चुकला तर कुठे चुकला हे सांगता येणे आणि त्याबद्दल कोणाला तरी उत्तर देण्यास बांधील असणे, ही खरी कसोटी आहे. जिथे ते शरीर आजारी किंवा वृद्ध असेल, तिथे ही बांधिलकी नुसत्या सदिच्छेवर न सोडता कायद्याने नोंदणीकृत असावी.

या विषयाला आजचे रूप कसे आले हे पाहिल्यावाचून त्याचे दुखणे कळत नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष आणि रसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉनंट यांनी अमेरिकेतल्या शिक्षक-प्रशिक्षणाची पाहणी केली आणि १९६३ साली शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर इतकी कडक टीका केली की ते बंद करावेत, इथवर मजल गेली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले फ्रँकलिन हेन्री यांनी उत्तर दिले. शारीरिक शिक्षण हा केवळ शिक्षक घडवण्याचा धंदा नसून मानवी हालचालीचा अभ्यास करणारी स्वतंत्र ज्ञानशाखा आहे, अशी त्यांची मांडणी होती. विभागांनी ती उचलून धरली, नावे बदलली, प्रयोगशाळा उभारल्या. गंमत अशी की ज्या कॉनंट यांच्या टीकेने हे सारे घडले, त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात, १९४७ साली, हार्वर्डची प्रसिद्ध फटीग लॅबोरेटरी बंद झाली होती. १९२७ मध्ये बिझनेस स्कूलच्या इमारतीत सुरू झालेल्या त्या प्रयोगशाळेत डी. बी. डिल आणि त्यांचे सहकारी थकव्याचा, उंचीचा आणि उष्णतेचा अभ्यास करीत. बोल्डर (आजचे हूवर) धरणाच्या बांधकामावर रणरणत्या उन्हात राबणाऱ्या मजुरांच्या घामातून किती मीठ जाते हे पाहायला ते प्रत्यक्ष तिथे गेले होते. त्या प्रयोगशाळेपुढचे प्रश्न माणसाच्या कामातून आणि त्याच्या सोसण्यातून आलेले होते.

हेन्री यांच्या मांडणीने विषयाला प्रतिष्ठा दिली हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यांना अपेक्षित होती ती अनेक शास्त्रांना आडवी छेदणारी एक विद्या, आणि प्रत्यक्षात झाली ती अनेक शास्त्रांच्या तुकड्यांची शेजारशेजारी मांडणी. व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, हालचालींचे नियंत्रण, क्रीडामानसशास्त्र, खेळाचे समाजशास्त्र अशी दालने झाली, प्रत्येकाची नियतकालिके वेगळी, परिषदा वेगळ्या, भाषाही वेगळी. पदव्युत्तर विद्यार्थी पहिल्याच सत्रात एका दालनात शिरतो आणि बहुधा तिथेच राहतो. गुडघ्यावर पडणाऱ्या बलाचे आलेख सफाईने काढणाऱ्या विद्यार्थ्याला मधुमेही माणसाच्या रक्तातली साखर व्यायामानंतर कित्येक तासांनी, अगदी झोपेतही, खाली येऊ शकते हे माहीत नसते. आणि ज्याला ते माहीत असते त्याला त्या माणसाचा दुखरा गुडघा पाहता येत नाही. समोर येणारा माणूस मात्र गुडघा, साखर आणि भीती ही तिन्ही एकाच वेळी घेऊन येतो.

शिक्षण कुठे उथळ राहते हे प्रयोगशाळेतल्या एका नेहमीच्या चाचणीत स्पष्ट दिसते. कमाल प्राणवायू-ग्रहणाची चाचणी, म्हणजे व्हीओटू मॅक्स, ही या विषयाची जणू कुलदेवता आहे, ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन यांनी १९२३ च्या सुमारास मांडलेली ही कल्पना आजही प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्या सत्रात येते. सकाळी यंत्र सुरू करून तापू द्यायचे, ठरावीक मिश्रणाच्या सिलिंडरमधला वायू सोडून विश्लेषक जुळवून घ्यायचा, तीन लिटरची सिरिंज मागेपुढे ओढून प्रवाहमापक तपासायचा, मग तोंडावर मास्क बांधलेल्या माणसाला ट्रेडमिलवर चढवून दर मिनिटाला वेग किंवा चढ वाढवत न्यायचा. शेवटची दोन मिनिटे सगळी खोली ओरडून त्याला उत्तेजन देते, तो हाताने खूण करतो, पट्टा मंदावतो, आणि पडद्यावर आकडा उमटतो: समजा, ४६.३, म्हणजे दर मिनिटाला शरीराच्या दर किलो वजनामागे इतके मिलिलिटर प्राणवायू. विद्यार्थी तो वहीत दशांशासह उतरवतो. आता त्याला विचारावे की हा आकडा शेवटच्या पंधरा सेकंदांच्या सरासरीचा की साठ सेकंदांच्या, कारण पंधराचा बहुधा जास्त येतो. आलेख वर जाऊन खरोखर सपाट झाला का, की माणूस त्याआधीच थांबला. सिरिंजचा वाचनफरक किती होता. आणि हाच माणूस परवा पुन्हा आला तर ४४.८ येणार नाही याची खात्री काय. बरेच विद्यार्थी इथे गडबडतात, आणि दोष त्यांचा नसतो. यंत्र चालवणे शिकवले जाते, यंत्राने दिलेल्या आकड्यावर कितपत भरवसा ठेवायचा हे शिकवायचे राहून जाते. आठ आठवड्यांच्या व्यायामानंतर ४६.३ चे ४७.५ झाले तर ही प्रगती आहे की मोजमापातली चलबिचल आहे, हे ज्याला सांगता येत नाही त्याने दुसऱ्याच्या शरीराविषयी सल्ला देणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

याहून बोलके उदाहरण कमाल हृदयगतीचा अंदाज देणाऱ्या २२० उणे वय या सूत्राचे आहे. व्यायामशाळेच्या भिंतीपासून मनगटावरच्या घड्याळापर्यंत सगळीकडे पोहोचलेले हे सूत्र १९७१ च्या सुमारास सॅम्युअल फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनातून रूढ झाले. रॉबर्ट रॉबर्ग्ज आणि रॉबर्टो लँडवेर यांनी २००२ साली त्याचा मागोवा घेतला, तेव्हा त्यामागे असे सूत्र काढण्यासाठी मुद्दाम केलेले कोणतेही मूळ संशोधन नसल्याचे दिसून आले. इकडून तिकडून गोळा केलेल्या आकड्यांमधून अंदाजाने ओढलेली ती एक रेषा होती. तनाका आणि सहकाऱ्यांनी २००१ साली २०८ उणे वयाच्या सात दशांश असे अधिक काळजीपूर्वक काढलेले सूत्र दिले, पण तेही सरासरीचेच. एकाच वयाच्या माणसांच्या कमाल हृदयगतीत प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, दहा-बारा ठोक्यांचे असते, म्हणजे दर वीस माणसांत एखादा सूत्रापासून वीसहून अधिक ठोके दूर असणारच. आता अठ्ठावन्न वर्षांचा, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, बीटा-ब्लॉकर हे हृदयगती मंदावणारे औषध घेणारा माणूस समोर आणावा. २२० उणे वय हे सूत्र त्याची कमाल गती १६२ सांगते आणि सत्तर टक्क्यांचे लक्ष्य ११३ ठरवते. पण त्या औषधाने त्याचे हृदय पूर्ण जोर लावूनही १२० च्या वर जात नसेल, तर ज्याला आपण मध्यम व्यायाम म्हणतो आहोत तो त्याच्यासाठी जवळजवळ कमाल श्रम आहे. अशा वेळी त्याला प्रत्यक्ष चाचणीतून आलेली गती, गुन्नार बोर्ग यांची सहा ते वीस अशी श्रमजाणिवेची पट्टी, किंवा चालताना सलग वाक्य बोलता येते का हे पाहणे, अशा वेगळ्या मार्गांनी मर्यादा आखून द्यावी लागते. हे सगळे पाठ्यपुस्तकांत छापलेले आहे. पण ते वाचणे आणि त्या माणसाशेजारी उभे राहून वेग वाढवायचा की थांबवायचा हे ठरवणे यांतले अंतर वर्गात बसून कापता येत नाही.

व्यायाम हा केवळ निरोगी तरुणांचा विषय असता तर या उणिवा चालून गेल्या असत्या. तसा तो राहिलेला नाही. मारिया फियातारोने यांनी १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना वजन उचलण्याचा आठ आठवड्यांचा चांगला जोरकस व्यायाम दिला आणि तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. वृद्धांना जपून, हलकेच काहीतरी करायला सांगावे या समजुतीला त्या लहानशा अभ्यासाने हादरा दिला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या लाइफ चाचणीत सत्तर ते एकोणनव्वद वयोगटातल्या १,६३५ लोकांचा सरासरी २.६ वर्षे पाठपुरावा झाला आणि नियोजित व्यायाम करणाऱ्यांमध्ये चालण्याची क्षमता गमावण्याचे प्रमाण कमी आढळले. आणि २०२५ साली आलेल्या चॅलेंज चाचणीने तर चर्चेची पातळीच बदलली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी घेतलेल्या ८८९ रुग्णांपैकी ज्यांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम मिळाला, त्यांच्यात पाच वर्षांनंतर रोगमुक्त जगण्याचे प्रमाण ८०.३ टक्के होते, तर केवळ आरोग्यविषयक माहिती दिलेल्या गटात ७३.९ टक्के. एखाद्या औषधाने असा फरक पाडला असता तर त्याची चर्चा महिनोन्महिने चालली असती. त्याच चाचणीत व्यायाम करणाऱ्या गटात स्नायू आणि हाडांच्या तक्रारीही अधिक होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५ टक्के, आणि मला हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्या उपायाला दुष्परिणाम आहेत तो उपाय गंभीर आहे, आणि गंभीर उपाय कोणी द्यायचा हा प्रश्न मग टाळता येत नाही. त्या रुग्णांना भित्तिपत्रक देऊन सोडून दिलेले नव्हते. प्रशिक्षित माणूस तीन वर्षे त्यांच्या पाठीशी होता, आधी वारंवार, नंतर थोड्या अंतराने.

हा प्रशिक्षित माणूस कोण, याचे उत्तर काही ठिकाणी दिले गेले आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने २००७ साली कायदा केला आणि २०१३ पासून किनेसिऑलॉजिस्ट, म्हणजे मानवी हालचालीचा तज्ज्ञ, हा नियंत्रित आरोग्य-व्यवसाय झाला. नोंदणी नसलेल्याला ती उपाधी लावता येत नाही आणि तक्रार आली तर तिची चौकशी करणारी संस्था आहे. ऑस्ट्रेलियात वेगळी वाट आहे. तिथे व्यावसायिकांची स्वतःची संघटना मान्यता देते, त्यासाठी शेकडो तासांचे देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम सक्तीचे असते, आणि २००६ पासून जुनाट आजारांच्या रुग्णांना डॉक्टरांनी अशा मान्यताप्राप्त व्यायाम-शरीरक्रियातज्ज्ञाकडे पाठवल्यास सरकारी आरोग्ययोजना खर्चाचा काही भाग उचलते. अमेरिकेत लुइझियाना राज्याने १९९५ साली परवाना सुरू केला, इतर राज्यांतले प्रयत्न मात्र अडत आले. बहुतेक जगात पदव्युत्तर पदवीधारक आणि आठवडाअखेरच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावणारा प्रशिक्षक यांच्यात कायद्याच्या दृष्टीने काही फरक नाही. अशा स्थितीत डॉक्टर तरी रुग्णाला कोणाच्या भरवशावर पाठवणार? त्यामुळे तो चिठ्ठीवर ‘व्यायाम करा’ एवढे लिहितो आणि विषय तिथेच संपतो.

कायदेशीर नोंदणीच्या या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला असा की चालण्या-धावण्यासाठी परवानाधारक लागू लागला तर माणसाच्या सर्वांत स्वाभाविक कृतीचेही वैद्यकीयीकरण होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगातले ३१ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. या एक अब्ज ऐंशी कोटी लोकांना तज्ज्ञाच्या दारात उभे करणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. मला हे पूर्ण मान्य आहे. निरोगी माणसाला आठवड्याला दीडशे मिनिटे चालायला सांगण्यासाठी पदवीसुद्धा नको. नोंदणीचा प्रश्न येतो तो हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, उतारवयातील अशक्तपणा अशा ठिकाणी, जिथे चुकीची मात्रा इजा करते आणि अतिसावधपणाही तितकीच इजा करतो. फरक इतकाच की दुसरी इजा कोणाच्या नावावर लागत नाही.

दुसरा आक्षेप फिजिओथेरपिस्टांचा आहे: हे काम आम्ही करतोच. करतात, आणि पुष्कळ ठिकाणी उत्तम करतात. पण दुखापतीनंतर हालचाल परत मिळवून देणे आणि जुनाट आजारात महिनोन्महिने व्यायामाची मात्रा चढवत नेणे ही दोन कामे एकमेकांना लागून असली तरी एक नव्हेत. हद्दीचा वाद होईल, तो होऊ द्यावा. रुग्णांची संख्या दोघांनाही पुरून उरण्याइतकी आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. परवाना आला की अभ्यासक्रम परवाना-परीक्षेभोवती गोठतो, शुल्क वाढते, आणि ज्ञानशाखा म्हणून हेन्री यांनी जे मिळवून दिले ते हातचे जाऊन विषय पुन्हा धंदेशिक्षणाच्या पातळीवर येतो. हा धोका खरा आहे. त्यावर माझे उत्तर असे की संशोधन आणि प्रत्यक्ष काम यांची फारकत करूनच आपण संशोधनाचेही नुकसान करून बसलो आहोत. पदव्युत्तर प्रबंधांत वारंवार दिसणारा नमुना पाहावा: बारा सहभागी, सगळे त्याच विभागातले, विशी-बाविशीचे, धडधाकट, आणि बहुतांशी मुलगे. एमा काउली आणि सहकाऱ्यांनी क्रीडा आणि व्यायामविज्ञानातले २०१४ ते २०२० या काळातले ५,२६१ शोधनिबंध तपासले, तेव्हा सहभागींमध्ये स्त्रियांचे प्रमाण ३४ टक्के भरले आणि केवळ स्त्रियांवर केलेले अभ्यास ६ टक्के निघाले. जे हाताशी आहेत त्यांनाच मोजायचे आणि निष्कर्ष मानवजातीला लावायचे, ही सवय पदव्युत्तर प्रयोगशाळेतच लागते.

लहान नमुन्यांची ही सवय संख्याशास्त्रालाही वाकवते. २००६ साली ॲलन बॅटरहॅम आणि विल हॉपकिन्स यांनी परिणामाच्या आकारमानावरून अनुमान काढण्याची एक पद्धत पुढे आणली. ‘बहुधा फायदेशीर’, ‘कदाचित क्षुल्लक’ अशी सोपी भाषा आणि छोट्या नमुन्यांतूनही काहीतरी सांगता येण्याची सोय, यामुळे ती क्रीडाविज्ञानात झपाट्याने पसरली. २०१८ साली स्टॅनफर्डच्या संख्याशास्त्रज्ञ क्रिस्टिन सैनानी यांनी दाखवून दिले की नसलेला परिणाम आहे असे सांगण्याची चूक या पद्धतीत नेमकी अशा लहान नमुन्यांतच वाढते. बाहेरच्या संख्याशास्त्रज्ञांनी यावर बोट ठेवीपर्यंत ही पद्धत इतकी फोफावली, हे पदव्युत्तर वर्गातल्या संख्याशास्त्राच्या तासांविषयी पुरेसे सांगून जाते. तिथे सॉफ्टवेअरची बटणे शिकवतात. शंका कशी घ्यावी हे शिकवायला सत्र पुरत नाही.

आणि शंका घेण्याची उत्तम परंपरा या विषयातच आहे. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना करून दाखवले की दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. अभ्यास गाजला. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. १९५६ साली त्यांनी याच कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि पाहिले की चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा रुंद होती, आणि तीही तरुण चालकांपासूनच. म्हणजे बसून काम केल्याने ते स्थूल झाले, की स्थूल माणसेच चालकाच्या आसनाकडे वळली? स्वतःच्याच निष्कर्षावर शिंप्याच्या मापांनिशी घेतलेला हा आक्षेप एका तासात शिकवता येतो, आणि कार्यकारणभावाविषयी तो विद्यार्थ्याला जे देऊन जातो ते प्रतिगमनाच्या (रिग्रेशनच्या) दहा सूत्रांनी मिळत नाही.

म्हणून अभ्यासक्रमात बदल करायचा तर मी दोन ठिकाणी करीन. एक, निम्म्याहून अधिक प्रबंध स्वतंत्र नावीन्याच्या हट्टातून मोकळे करावेत. सहा-आठ विभागांनी मिळून आधी जाहीर केलेल्या एकाच आराखड्यावर जुन्या निष्कर्षाची फेरतपासणी करावी, प्रत्येक विद्यार्थ्याने वीस-पंचवीस सहभागी जोडावेत, आणि त्यांत वृद्ध, स्त्रिया, औषधे घेणारे लोक मुद्दाम असावेत. विद्यार्थ्याच्या नावावर ‘नवा शोध’ येणार नाही, मार्गदर्शकाच्या यादीत शोधनिबंध कमी पडतील, आणि विरोध बहुधा या दुसऱ्या कारणासाठीच होईल. दोन, पदवीपूर्वी रुग्णांबरोबर देखरेखीखाली केलेले काम सक्तीचे करावे, ज्याला संशोधनातच जायचे आहे त्यालाही. हृदयरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात दोन महिने उभे राहिलेला विद्यार्थी जेव्हा पुढे प्रयोगाची आखणी करतो, तेव्हा माणसे सत्रे का चुकवतात, पायऱ्या चढताना नेमके कुठे थांबतात, आणि ‘दम लागतो’ या दोन शब्दांत किती वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हे त्याच्या प्रश्नांत आपोआप उतरते.

यातला अवघड भाग खर्चाचा आहे. रुग्णालयांना विद्यार्थी सांभाळण्यात वेळ घालवावा लागतो, आणि देखरेख करणाऱ्याच्या त्या वेळेचे मोल कोणी देत नाही; विद्यापीठांना प्रवेशसंख्या वाढवायची असते आणि प्रत्यक्ष कामाच्या जागा तेवढ्या वाढत नाहीत. यात तडजोड करायची झाली तर ती प्रवेशसंख्येत करावी, तासांत करू नये. साठ विद्यार्थ्यांना पडद्यावर चित्रफीत दाखवून ‘प्रात्यक्षिक’ उरकणाऱ्या अभ्यासक्रमापेक्षा पंधरा जणांचा अभ्यासक्रम परवडला, आणि परवाना देणाऱ्या संस्थेने पाहायचे तेही हेच: विभागाकडे यंत्रे किती आहेत याआधी त्याच्याकडे रुग्ण किती येतात, आणि त्या रुग्णांपाशी विद्यार्थ्याबरोबर उभे राहणारे अनुभवी लोक किती आहेत.